नवा मोबाइल घेण्याची कृती, वऱ्हाडातल्या उन्हासकट

सोयाबीनचा पैसा हाती आला, कापसाची पहिली वेचणी विकली गेली, की दसरा-दिवाळीच्या तोंडावर अमरावतीचा राजकमल चौक आणि अकोल्याचा गांधी रोड गजबजतो. मोबाइलच्या दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रंग कोणता आणि महिन्याला किती बसतील, या तीन प्रश्नांत अर्धा तास जातो. बिल, आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) आणि सर्व्हिस सेंटर या तीन गोष्टी मात्र गर्दीत राहून जातात, आणि पुढे भांडण होतं ते नेमकं यांच्यावरूनच.

पहिलं काम घरी बसून करायचं. आपल्या गावात, घराच्या आत, कोणाचं नेटवर्क खरोखर येतं ते शेजाऱ्यांना विचारा. धारणी-चिखलदऱ्याकडच्या माणसाने हे फार काटेकोरपणे पाहावं, कारण तिथे एका टेकडीने सगळं बदलतं. गावात बीएसएनएलचं ४जी असेल तर फोनच्या तपशिलात बँड २८ आहे का ते बघा. हा ७०० मेगाहर्ट्झचा बँड लांबवर आणि भिंतीआड बरा पोचतो. ५जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण तुमच्या गावात ते आलं की नाही हा वेगळा प्रश्न. नसेल तर फक्त त्याच्यासाठी हजार-दोन हजार जास्त घालवायची घाई नको. फोन चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर मात्र ५जीच घ्या.

मग कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर शोधा. अकोल्याच्या माणसाला नागपूर अडीचशे किलोमीटर पडतं. स्क्रीन बदलायला एवढं जावं लागत असेल, तर दुकानात मिळालेली पाचशेची सूट जाण्या-येण्यातच संपते. एखाद्या ब्रँडचं केंद्र आपल्या शहरात नसेल, तर तो फोन कितीही छान दिसला तरी मी तो यादीतून काढतो.

आवडलेल्या फोनचं नुसतं नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. एकाच नावाचा ४जी वेगळा आणि ५जी वेगळा निघतो, आणि काउंटरवर बोट भलत्याच डब्याकडे जातं. ‘१६ जीबी रॅम’ म्हणून सांगितलं तर त्यातली खरी किती ते विचारा. बऱ्याचदा ती ८ अधिक ८ असते, आणि दुसरे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हेही पाहून ठेवा. ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतं तेव्हा त्यातली दोन वर्षं आधीच संपलेली असतात.

आता दुकानात. पंख्याखाली आणि पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये प्रत्येक फोन चांगलाच दिसतो. म्हणून डेमोचा फोन हातात घ्या, दुकानदाराला सांगा आणि पायरीवर, उन्हात या. ब्राइटनेस पूर्ण वाढवा. कॅमेरा उघडून समोरच्या पाटीचा फोटो काढा, मग नकाशा उघडून आपलं ठिकाण किती वेळात आणि किती नेमकं सापडतं ते बघा. पोरांना हे हास्यास्पद वाटेल. पण २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून करावी लागते. भर दुपारी बांधावर उभं राहून पिकाचा फोटो घेताना स्क्रीनच दिसली नाही किंवा ठिकाण चुकीचं पकडलं, तर दोनशे मेगापिक्सेल काय कामाचे? स्वस्त फोनमध्ये मला याच दोन गोष्टी सगळ्यांत कमकुवत वाटतात, आणि जाहिरातीत या दोन गोष्टी नसतात.

ऊन बॅटरीलाही खातं. साधारण ३५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी झपाट्याने म्हातारी होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे मोटरसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवलेला फोन तापून चार्जिंग घेणं बंद करतो, स्क्रीन अंधूक करतो. असं झालं की लोक फोन बिघडला म्हणतात. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. वॉटची स्पर्धा बघून फोन घेऊ नका. १२० वॉटने वीस-पंचवीस मिनिटांत भरणारा फोन आणि तासाभरात भरणारा फोन, रात्री घरी चार्ज करणाऱ्याला यात काय फरक पडतो? चार्जर डब्यात आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे आधी विचारा.

पैशाची गोष्ट इथे ठरते. ‘झिरो टक्के हप्ता’ ऐकलं की दोन आकडे मागा: आज रोख दिले तर किती, आणि हप्त्याने शेवटपर्यंत एकूण किती. उदाहरणार्थ रोखीने १७,००० ला मिळणारा फोन हप्त्याने ३,००० चे सहा, आणि वर प्रोसेसिंग फी ५०० अधिक तिच्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १८,५९०. व्याज शून्य, आणि तरी १,५९० जास्त गेले. क्रेडिट कार्डवरचं व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवतात, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये म्हटलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून हप्त्याच्या किरकोळ कर्जासाठी सगळा खर्च एकत्र दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवं. तेव्हा मराठीत मागा. विमा किंवा वाढीव वॉरंटी हप्त्यात घुसवली आहे का, आणि ती नको म्हटलं तर चालतं का, हेही तिथेच विचारा. हप्ता थकला की फोन लॉक करणारं ॲप टाकलं जाणार असेल, तर सही करण्यापूर्वी ते कळलं पाहिजे.

फोन ठरला की डबा आपल्यासमोर उघडायला लावा, आत गोदामात नाही. आधी डब्याचं लेबल नीट वाचा: मॉडेल, रॅम-स्टोरेज, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी, दोन आयएमईआय. लेबलचा फोटो काढून ठेवा. मग फोन चालू करून *#०६# दाबा. स्क्रीनवरचे १५ आकडी नंबर डब्यावरच्या नंबरांशी एकेक आकडा लावून जुळवा. घाईत शेवटचे चार बघून लोक मान डोलावतात, तसं करू नका. त्यानंतर आपल्या जुन्या फोनवरून इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. हेच काम संचार साथी ॲपवरही होतं. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. ते हातातल्या फोनशी जुळत नसेल, किंवा नंबर काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर पैसे देऊ नका.

आपलं सिम घालून एक कॉल लावा, समोरच्याचा आवाज ऐका, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग बघा. एवढं पुरे.

पुढचा भाग जोडणीचा, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. दुकानातला पोरगा म्हणतो, ‘काका, द्या इकडं, दोन मिनटात करून देतो.’ तो खरंच दोन मिनिटांत करतो: नवा जीमेल काढतो, पासवर्ड मनात येईल तो टाकतो, समोर येईल त्याला परवानगी देतो. सहा महिन्यांनी फोन अडकतो, रीसेट करावा लागतो, आणि तो जुना जीमेल आणि पासवर्ड मागतो. काकांना दोन्ही माहीत नसतं. चोरीविरुद्धचं हे कुलूप मग मालकालाच बाहेर ठेवतं. जोडणी घरी करा, आपल्याच जुन्या जीमेलने, आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं जाणकार सांगतात. आपल्या घरात वहीपेक्षा विसरण्याचा धोका मोठा आहे.

जुना फोन बदल्यात देत असाल तर आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, यूपीआयची ॲप काढा, गूगल खातं काढा आणि मगच रीसेट करा. सिम आणि मेमरी कार्ड काढून खिशात टाका. जुन्या फोनचा आयएमईआय बिलावर किंवा पावतीवर लिहून घ्या. उद्या तो फोन भलत्याच्या हाती सापडला तर तुम्ही तो कधी आणि कोणाला दिला हे दाखवता येईल.

बिल. ‘बिल कायले पायजे भाऊ, बिनबिलाचा घ्या, पाचशे कमी करतो.’ नको. पक्कं बिल, दुकानाचा जीएसटी नंबर, तुमचं नाव, दोन्ही आयएमईआय. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो एमआरपीत आलेला असतो, वर वेगळा लावता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिल न देणंही.

ऑनलाइन मागवला असेल तर पार्सल फोडण्यापासून आयएमईआय जुळवेपर्यंत अखंड व्हिडिओ काढा. बाकी कृती हीच.

बिघाड झालाच तर सर्व्हिस सेंटरवाल्याकडे फोन ठेवताना तारखेसह जॉबशीट घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलासुद्धा. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात ती दाखल करता येते. फोन विकणारी कंपनी बंगळुरूची असली तरी अकोटच्या माणसाने अकोल्यात आणि अचलपूरच्या माणसाने अमरावतीतच अर्ज द्यायचा, सोबत बिल, लेबलचा फोटो आणि सगळ्या जॉबशीटच्या झेरॉक्स.