ऑर्गन वाजवणारा दिसत का नाही?

प्रश्न : नाताळच्या सुमारास केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधलं गाणं दरवर्षी यूट्यूबवर बघतो. समोर उभं राहून हात करणारे गृहस्थ दिसतात, गाणारी मुलं दिसतात, मेणबत्त्या दिसतात. ऑर्गन दणदणीत ऐकू येतो, पण वाजवणारा काही केल्या दिसत नाही. तो कोण असतो? गाणाऱ्यांपासून इतक्या लांब बसून साथ जमते कशी? आणि आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात असं काही आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : साथीची चौकशी मिरजेहून यावी, हे रास्तच झालं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. तो वाजवणारा बहुतेक वेळा त्याच कॉलेजात शिकणारा, विशीच्या आतबाहेरचा विद्यार्थी असतो. त्याला 'ऑर्गन स्कॉलर' म्हणतात. किंग्जमध्ये असे दोघं असतात, एक थोरला आणि एक धाकटा. थोरला वाजवत असला की धाकटा शेजारी उभा राहून पानं उलटतो आणि बघून बघून शिकतो.

तो दिसत नाही, कारण तो वर असतो. किंग्जच्या चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहात, मधोमध ओक लाकडाचा एक भलामोठा कोरीव आडोसा आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याची राणी ॲन बोलिन यांची आद्याक्षरं त्यावर आहेत, त्यावरून त्याचा काळ कळतो. त्या आडोशाच्या माथ्यावर ऑर्गन चढवलेला आहे. आपल्या संगीत नाटकांत हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांना साथ करायचे तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. हा नळ्यांचा. एकावर एक चार कीबोर्ड, पायांसाठी आणखी एक, दोन्ही बाजूंना आवाज बदलायचे खटके, आणि या सगळ्याच्या आड बसलेला एकटा पोरगा.

आता साथीचं. आपला पेटीवाला गवयाच्या मागून जातो. जागा घेतली गवयाने, की तिची सावली पेटीवर उमटते. केसभर मागे राहण्यातच त्याची अदब असते. पुढे गेला तर गवई वळून बघतो. केंब्रिजच्या ऑर्गनवाल्याने असं केलं तर सगळाच बट्ट्याबोळ होईल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सतरा मीटरवर उभ्या असलेल्या मुलाचा सूर वर पोचेपर्यंत सेकंदाचा विसावा हिस्सा उलटलेला असतो. तो ऐकून याने बोट टाकलं, तर त्याचा सूर खाली पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. खालचे याच्यासाठी थांबणार, हा खालच्यांसाठी थांबणार, आणि दोन ओळींत गाणं लोळायला लागणार. त्यात चॅपल ८८ मीटर लांब, २४ मीटर उंच, सगळं दगडी. संपलेला सूरही काही सेकंद छताखाली घुमत राहतो. म्हणून वर बसलेल्याने कानावर विश्वास ठेवायचा नसतो, डोळ्यांवर ठेवायचा. पूर्वी आरसा असे, आता छोटा पडदा असतो. त्यात खाली हात करणाऱ्या गृहस्थांचे, म्हणजे संचालकांचे, हात दिसतात, आणि हाताची खूण होते त्याच क्षणी, प्रसंगी ऐकू येणाऱ्या गाण्याच्या चक्क पुढे जाऊन, वाजवावं लागतं. कान एक सांगतायत, हात दुसरं करतायत, असा हा उद्योग आहे. शिवाय ऑर्गनला दम लागत नाही. बोट ठेवलं की सूर अखंड चालूच. गाणाऱ्यांना मात्र श्वास घ्यावा लागतो. तेव्हा श्वास कुठे येणार हे ओळखून त्यानेही तिथे बोटं उचलायची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ओघाने येतं म्हणून सांगतो : खाली हात करणारी व्यक्ती ही तशी अलीकडची सोय आहे. आर्थर हेन्री मान हे १८७६ पासून १९२९ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे ५३ वर्षं, किंग्जचे 'ऑर्गनिस्ट' होते. त्या काळी प्रमुख स्वतः वर बसून वाजवायचा आणि खालचे बरेचसे आपले आपण सांभाळून घ्यायचे. तुम्ही नाताळात जे बघता त्याचं मूळ असलेली नऊ वाचनांची आणि गीतांची प्रार्थना १९१८ मध्ये सुरू झाली, ती मान यांच्याच कारकिर्दीत. ती रेडिओवर १९२८ पासून येते. मध्ये फक्त १९३० साल चुकलं. मानांनंतर बोरिस ऑर्ड, मग १९५७ पासून डेव्हिड विलकॉक्स, पुढे फिलिप लेजर, १९८२ पासून ३७ वर्षं स्टीव्हन क्लेबरी, आणि २०१९ पासून डॅनियल हाइड. शंभराहून जास्त वर्षांत माणसं मोजून सहा. दुसऱ्या महायुद्धात ऑर्ड हवाई दलात गेले तेव्हा हॅरल्ड डार्क यांनी जागा सांभाळली, तेवढा अपवाद.

या संचालकांचं नाव होतं आणि ते योग्यच आहे. सोळा लहान मुलं आणि चौदाएक पदवीचे विद्यार्थी यांचा एक आवाज करायचा, आणि मुलांचे आवाज फुटले की दरवर्षी नव्याने करायचा, हे खायचं काम नाही. तरी माझ्या मते खरी पारख करायची तर नाताळचा समारंभ सोडून एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी तिथे जावं. साडेपाचला प्रार्थना असते, श्रोते थोडके, कॅमेरे नाहीत. त्या दिवसाची स्तोत्रं गायली जातात. बायबलातली दीडशे स्तोत्रं इंग्लंडच्या चर्चने महिन्याच्या तीस दिवसांवर सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. पंधरा तारखेच्या संध्याकाळी ७८ वं स्तोत्र येतं; ते ७३ कडव्यांचं. आणि चाल केवढी? साध्या चालीत दहा स्वरमेळ, दुहेरीत वीस. कडवं तीन शब्दांचं असो की तीस, त्या दहांतच बसवायचं. लय शब्दांची, ठेका नाही. संपूर्ण वृंदाने एकाच वेळी एकच अक्षर उच्चारावं यासाठी संचालक जिवाचं रान करतात.

अशा वेळी वर बसलेल्या मुलाला मोकळीक मिळते. चाल तीच, पण कडव्यागणिक रंग बदलायचा त्याला अधिकार असतो. गारांचा, विजांचा उल्लेख आला की खालच्या जाड नळ्या घुमतात. पक्ष्यांचा आला की वर कुठेतरी एखादी बारीक बासरी वाजून जाते. एखादं कडवं तो मुद्दाम बिनसाथीचं सोडतो. हे कागदावर लिहिलेलं नसतं. गाणाऱ्यांची मिरवणूक जागेवर पोचेपर्यंत वेळ भरून काढायचा असेल, तर तेही तिथल्या तिथे सुचेल ते, पुढच्या गाण्याच्या पट्टीत अलगद नेऊन सोडायचं. पाश्चात्त्य संगीतात सगळं आधी लिहिलेलं असतं असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. तसं वाटणाऱ्याने या पोरांची एक संध्याकाळ ऐकावी.

किंग्ज, सेंट जॉन्स आणि ट्रिनिटी ही बडी घराणी. तिथे पगारी संचालक असतात. केंब्रिजमधल्या काही लहान कॉलेजांत मात्र ऑर्गन स्कॉलरच सर्वेसर्वा असतो : गाणी निवडणं, आवाज पारखणं, तालीम घेणं, हात करणं, सगळं तोच; वाजवायला दुसरा स्कॉलर. ज्याच्याबरोबर दुपारी जेवलो त्याला संध्याकाळी सगळ्यांदेखत "तुझा सूर उतरतोय" असं सांगायचं आणि मैत्रीही टिकवायची! निवड शाळेत असतानाच होते. वाजवून दाखवणं असतंच; शिवाय न पाहिलेलं वाचून वाजवणं, पट्टी बदलून वाजवणं, आणि एका अनोळखी वृंदाची थोडा वेळ तालीम घेऊन दाखवणं. मानधन नावापुरतं, शिकवणी फुकट आणि खोलीत पियानो मिळतो. संगीतच शिकायला हवं अशी सक्ती नाही. एडवर्ड हीथ ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे ऑर्गन स्कॉलर होते. पुढे १९७० ते १९७४ या काळात ते ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि त्या पदावर असताना त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं संचालनही केलं.

हीच मुलं पुढे संचालक होतात. विलकॉक्स किंग्जचेच जुने स्कॉलर, हाइडही. क्लेबरी सेंट जॉन्समध्ये जॉर्ज गेस्ट यांच्या हाताखाली तयार झाले, आणि गेस्ट त्याच कॉलेजचे स्कॉलर. आपल्या घराण्यांसारखीच ही परंपरा, आणि बरीच वर्षं आपल्या घराण्यांइतकीच पुरुषी. सारा मॅकडोनाल्ड १९९९ मध्ये सेल्विन कॉलेजच्या संगीत संचालक झाल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या चॅपलमध्ये अशा पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. २०१६ मध्ये ॲना लॅपवुड एकविसाव्या वर्षी पेम्ब्रोकच्या संचालक झाल्या. त्याआधी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात त्या ऑर्गन स्कॉलर होत्या, पाच शतकांहून जुन्या त्या कॉलेजातल्या पहिल्या स्त्री स्कॉलर. सेंट जॉन्सने २०२२ पासून आपल्या मुख्य वृंदात मुलींना घेतलं. किंग्जच्या मुख्य वृंदात लहान मुलगेच गातात. मुलामुलींचा मिश्र वृंद तिथे वेगळा आहे.

आपल्याकडचं विचारलंत, तर गोवा विद्यापीठाचा गायनवृंद आहे. पाश्चात्त्य संगीतासाठी तिथे अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचं अध्यासन आहे, आणि त्यावर आलेल्या सांतियागो लुसार्दी गिरेल्ली यांनी हा वृंद हाताळला. गोन्साल्विस म्हणजे 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यातलं नाव, हे तुम्ही ओळखलं असेलच. माजोर्ड्याचे गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवायचे, वाद्यमेळ लिहायचे, आणि संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायनवृंद शिकवायचे. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या गावोगावच्या चर्चमधला हा संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी शिकवी, व्हायोलिन हातात देई आणि रविवारी त्यांच्याकडून गाऊन घेई. मुंबईच्या स्टुडिओंत कागद समोर ठेवून धडाधड वाजवणारे गोवेकर वादक आले ते बरेचसे या शाळांतून. केंब्रिजसारखी रोजची प्रार्थना, दोन-दोन ऑर्गन स्कॉलर, असा बारमाही संसार मात्र गोवा विद्यापीठाच्या वृंदामागे नाही.

एक व्यावहारिक सूचना. यूट्यूबवर तुम्ही बघता तो बहुधा टीव्हीचा कार्यक्रम, आधी चित्रित केलेला. खरी प्रार्थना २४ डिसेंबरला बीबीसी रेडिओवरून थेट येते, तिथल्या दुपारी तीनला, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला. सुरुवातीच्या गीताचं पहिलं कडवं एकटा लहान मुलगा गातो. दोन-चार मुलं तयारीत असतात आणि कोणी गायचं ते संचालक अगदी त्या क्षणी खुणेने ठरवतात. हे सगळे ऐकतात. पण शेवटचं गीत झालं म्हणून रेडिओ बंद करू नका. त्यानंतर प्रथेप्रमाणे बाखचं 'इन डुल्ची युबिलो' ऑर्गनवर वाजतं. तेव्हा समोर हात नसतात, पडद्यात बघायचं नसतं, कोणाच्या श्वासासाठी थांबायचं नसतं, आणि तुमचा तो न दिसणारा मुलगा चारही कीबोर्डांवर मनसोक्त सुटलेला असतो.