फोर-बाय-फोर पिकअपचे जादा पैसे कोणी मोजावेत?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आजवर पेट्या भाड्याच्या गाडीतून वाशीला जात होत्या. आता कर्ज काढून स्वतःची पिकअप घ्यायची आहे. डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत सुमारे चारशे मीटर कच्चा चढ आहे आणि पावसात त्यावर गाडी घसरते. मुलगा म्हणतो फोर-बाय-फोरच घ्या, शोरूमवाले म्हणतात साधी पुरेल. हा जादा खर्च करावा का? (एक आंबा बागायतदार)

उत्तर : तुमच्यासाठी साधी, म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारी पिकअप घ्यावी, असे माझे मत आहे. मुलाची काळजी मात्र खोटी नाही. पावसात तो चढ त्रास देणारच. प्रश्न एवढाच, की त्या दिवसांत गाडीत माल किती असतो?

तुमची पहिली पेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि खरा हंगाम एप्रिल-मे. तेव्हा जांभ्याची वाट कोरडी, टणक असते. पाऊस सुरू झाला की आंबा संपलेला असतो. त्यानंतर गाडी वर जाते ती खत घेऊन, साफसफाईच्या कामाला किंवा रिकामी. म्हणजे कमाईचे दिवस आणि चिखलाचे दिवस तुमच्या धंद्यात एकत्र येत नाहीत. फोर-बाय-फोरचे पैसे वसूल होतात ते हे दोन्ही एकाच वेळी येतात त्या ठिकाणी.

चढाचेही थोडे समजून घ्या. पिकअपचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन कमी पडते, म्हणून ती जागेवर फिरतात. माल भरला की तेच वजन चाकांना जमिनीवर दाबून धरते, आणि चढावर तर ते आणखी मागे सरकते. त्यामुळे कोरड्या चढावर भरलेली साधी पिकअप सहसा दगा देत नाही. पावसात रिकामी गाडी वर न्यायचीच असेल तर हौद्यात मागच्या चाकांच्या वर खताची किंवा वाळूची पोती नीट बांधून ठेवा आणि मागे खोल नक्षीचे टायर घाला.

आता पैशाचा हिशेब करू. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमती शोरूमकडून लेखी घ्या. समजा, फरक 1 लाख रुपये निघाला. महाराष्ट्रात 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना आता किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे, तेव्हा या जादा लाखावर 7,000 रुपये कर वाढला. हे 1,07,000 रुपये 10 टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात गेले, तर हप्ता सुमारे 2,270 रुपयांनी वाढतो आणि पाच वर्षांत तुमच्या खिशातून 1,36,000 रुपयांच्या आसपास जातात. पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे वजन गाडी रोज वाहते, फोर-बाय-फोर चालू असो वा नसो. लिटरला 13 किलोमीटरऐवजी 12 मिळाले आणि वर्षाला 15,000 किलोमीटर गाडी फिरली, तर वर्षाला 96 लिटर डिझेल जास्त लागते. नव्वद रुपयांच्या भावाने पाच वर्षांचे हे 43,000 रुपये. एकूण झाले 1,80,000. जादा ऑइल, जादा सर्व्हिसिंग, गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा वाढलेला हप्ता, हे मी अजून धरलेलेच नाही. गाडी विकताना यातले काही परत मिळेल, पण किती ते आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून तेही सोडून देऊ.

आता दुसरी बाजू. गाडी रुतल्यावर ट्रॅक्टरने ओढून काढायला एका वेळी 1,500 रुपये लागतात असे धरा. 1,80,000 रुपयांत 120 वेळा गाडी निघते, म्हणजे पाच वर्षे, दरवर्षी 24 वेळा. तुमची गाडी एका पावसाळ्यात 24 वेळा रुतणार आहे का? माझे आकडे बदलून तुमचे घाला, पण हिशेब कागदावर करा.

हेच पैसे चढावर खर्च केले तर त्यांचा उपयोग तुम्हाला आणि शेजारच्या बागायतदारांनाही होईल. पाणी वाटेवरून न वाहता कडेच्या चरातून जाईल अशी सोय करा, जिथे ओहोळ वाट ओलांडतो तिथे पाइप घाला, चढाच्या सर्वांत तीव्र तुकड्यात खडी-मुरूम दाबून घ्या किंवा चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे टाका. कच्ची वाट बिघडते ती मुख्यतः पाण्यामुळे, चाकांमुळे नव्हे.

वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हे मात्र आधी पाहा. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल आणि शेजाऱ्याच्या बांधावरून मागायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे. त्यात तहसीलदार पाहणी करून निर्णय देतात, आणि तो मान्य नसलेल्याला वर्षभरात दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. वाट अनेकांच्या उपयोगाची असेल तर मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेबद्दल ग्रामपंचायतीत विचारा. त्यात रोजगार हमीतून काम होऊ शकते. गाडीचे बुकिंग करण्याआधी हे सगळे करून पाहा, अशी माझी विनंती आहे. पिकअप पाच-दहा वर्षांत बदलते, नोंद झालेली वाट नातवंडांनाही पुरते.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो, कारण तो जिवावर बेततो. फोर-बाय-फोर म्हणजे घाटात जास्त सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. ब्रेक दाबल्यावर चारही चाके कोणत्याही गाडीत सारखीच थांबतात. ओल्या उतारावर तुम्हाला वाचवतात चांगले टायर, चांगले ब्रेक आणि कमी वेग. शिवाय आपल्याकडच्या पिकअपमध्ये जी फोर-बाय-फोर व्यवस्था असते, ती लागेल तेव्हाच चालू करायची असते. पुढच्या आणि मागच्या धुरीला वेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल त्यात नसते, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवून वळण घेतले की सगळी यंत्रणा पिळवटते आणि टायर झिजतात. करूळ घाटातून कोल्हापूरकडे जाताना किंवा मुंबई-गोवा महामार्गावर तुमची गाडी दोन चाकांवरच चालणार आहे.

हौद्याची क्षमताही नीट तपासा. आरसीवरचे एकूण वजन तेवढेच असेल आणि गाडी स्वतः जड असेल, तर माल कमी न्यावा लागतो. हंगामात मोह होतोच, पण जादा भरल्याचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. मे महिन्याच्या उन्हात रस्त्याकडेला पडलेल्या पेट्यांचे काय होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. शोरूममध्ये आणखी एक विचारा. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला केंद्रीय कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला ते काढावे लागते.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. पावसाळ्यातही एक दिवसाआड तोडा असतो. शेत काळ्या मातीचे, डांबरी रस्त्यापासून आत. गाडी बांधापर्यंत न्यावी लागते. मागच्या वर्षी भाड्याची गाडी सारखी फसायची. काय घ्यावे? (एक शेतकरी)

उत्तर : तुम्ही फोर-बाय-फोर घ्या. आंबा बागायतदारांना जे सांगितले ते तुम्हाला लागू नाही. तुमचा माल आणि तुमचा चिखल एकाच महिन्यात येतात, आणि टोमॅटो वाट पाहत नाही. नारायणगावच्या बाजारात वेळ चुकली तर त्या दिवसाचा भाव गेला.

पण केवळ फोर-बाय-फोरवर विसंबू नका. काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते, आणि मग चारही चाके गुळगुळीत होऊन जागेवर फिरतात. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडे पळते. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरू लागले की फोर-बाय-फोर गाडीही जागेवर उभी राहते. म्हणून मागच्या धुरीला डिफरन्शियल लॉक आहे का, ते विचारा. चिखलाचे टायर चारही चाकांना एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असे चालत नाही. लो रेंजचा गिअर असेल तर चिखलात शिरायच्या आधीच तो टाका. रुतल्यावर टाकून उपयोग कमी.

बाजारात महिंद्राच्या बोलेरो कॅम्परमध्ये आणि टाटाच्या योद्धामध्ये फोर-बाय-फोरचे प्रकार आहेत. तुमच्या विक्रेत्याकडे ते तयार मिळतात की मागवावे लागतात, आणि ट्रान्सफर केसचे सुटे भाग जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतात का, ही दोन उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. घरी ट्रॅक्टर असेल तर आणखी एक मार्ग आहे. क्रेट ट्रॉलीने डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे आणि तिथे साध्या पिकअपमध्ये भरायचे. दोनदा चढ-उतार करण्याची मजुरी आणि दबून खराब होणारा माल, यांचा खर्च पूर्ण हंगामासाठी काढा. तो गाडीच्या वार्षिक फरकापेक्षा कमी निघाला तर फोर-बाय-फोरची गरज नाही. माझ्या अंदाजाने एक दिवसाआड तोडा असताना तो कमी निघणार नाही.

ओढ्याला पाणी असताना गाडी घालू नका. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि ते बिघडले, तर साध्या विम्यात तो दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी आधी घ्या.

प्रश्न : सावंतवाडीत हार्डवेअरचे दुकान आहे. इसुझूची व्ही-क्रॉस खाजगी पांढऱ्या पाटीवर घेऊन तीच दुकानाच्या मालालाही वापरली तर?

उत्तर : करू नका. खाजगी गाडीच्या विम्यात नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक वगळलेली असते. सिमेंटची पोती भरलेली असताना अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या मुख्यतः घरच्या वापराच्या, हौसेच्या गाड्या आहेत. दुकानाच्या मालासाठी मालवाहू नोंदणीची पिकअप घ्या. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल आणि माल करपात्र असेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळू शकते. माणसांच्या गाडीवर ती अडवलेली आहे. प्राप्तिकरात स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा घसारा 15 टक्के मिळतो. भाड्याने फिरवायचा व्यवसाय असेल तर 30 टक्के. फिटनेसचे पासिंग मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागेल, तो त्रास धरून चाला.

परवान्याची चिंता नको. 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न : बागेत कामाला माणसे नेताना पिकअपच्या मागे बसवतो. सगळेच बसवतात. विमा आहे, मग अडचण काय?

उत्तर : अडचण अशी, की तो विमा त्या माणसांसाठी नाही. मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले. माल चढ-उतारासाठी गाडीसोबत असलेला तुमचा कामगार आणि बागेत कामाला नेलेला मजूर यांत कायदा फरक करतो. पहिल्याला कामगार भरपाईच्या मर्यादेत संरक्षण मिळू शकते, दुसऱ्याच्या कुटुंबाला भरपाई द्यायची वेळ आली तर ती मालकाच्या जमिनीतून आणि घरातून जाते. आणि ज्याचा जीव गेला त्याचे घर त्याआधीच उघड्यावर पडलेले असते.

कामाला नेहमी माणसे न्यायची असतील तर दुहेरी केबिनची पिकअप घ्या, आरसीवर जितकी आसने नोंदली आहेत तितकीच माणसे केबिनमध्ये बसवा आणि त्यांच्यासाठी विम्यात जोड घ्या. बाकीच्यांसाठी रिक्षा किंवा जीप ठरवा. त्याचे दिवसाचे भाडे मजुरीतच धरा. फोर-बाय-फोर असो की साधी, हौद्यात माणूस बसवू नका.