खोडलेलं पानही ठेवा

कर्नाटकात दहावीला दुसरी भाषा म्हणून घेतलेल्या इंग्रजीचे ८० गुण लेखी, २० अंतर्गत. येळ्ळूरला शेजारची दहावीतली मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तिच्या पोर्टफोलिओत एकही चूक नव्हती. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. मग तिची प्रगती दिसणार कुठून?

आम्ही राजहंसगडावर निबंध घेतला. पहिल्या खर्ड्यात ‘यस्टरडे आय गो’, तिसऱ्यात ‘यस्टरडे आय वेन्ट’. तिन्ही पानं तारखेसह फाईलला लावली. खाली तिने मराठीत लिहिलं, काय बदललं आणि का. खर्डे, त्यांतली निवड आणि स्वतःचं परीक्षण, एवढं असलं की पोर्टफोलिओ झाला.

मित्रमैत्रिणींनो, उद्या शिक्षक झालात तर लाल खुणांचं पान फाडायला लावू नका. मूल किती पुढं आलं, ते त्याच पानापासून मोजायचं असतं.