कोल्हापूरचे मैदान आणि महिलांचा खो-खो

खो-खोची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे भरली. ती पुरुषांची होती. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा आरंभ त्यानंतरच्या हंगामात, १९६०-६१ मध्ये झाला आणि तिच्या यजमानपदाचा मान कोल्हापूरला लाभला. कुस्तीची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीच्या क्रीडा-इतिहासात ही घटना मोलाची आहे. परंतु तिची आठवण फारशी काढली जात नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या तालमी आणि खासबागचे कुस्ती मैदान यांनी कोल्हापूरला खेळाची परंपरा दिली. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला आणि शाळेची वाट सामान्यांच्या मुलांना खुली झाली. तालमीचे दार मात्र त्या काळी मुलींसाठी बंदच होते. मुलींना मैदान मिळाले ते शाळेच्या अंगणात, आणि त्या अंगणात सर्वांत आधी रुजलेल्या खेळांपैकी खो-खो हा एक होय. त्यामुळे महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निरनिराळ्या भागांतील संघ कोल्हापुरात एकत्र आले, या घटनेला क्रीडेइतकाच सामाजिक अर्थही आहे.

अल्प खर्चाचा, पण शास्त्रशुद्ध खेळ

महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या या खेळाला नियमांची चौकट विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने या कामी पुढाकार घेतला. प्रचलित नियमांप्रमाणे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, एवढीच त्याची आखणी. मधल्या पाटीवरील आठ चौकोनांत आक्रमक संघाच्या आठ खेळाडू एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववी पाठलाग करते. प्रतिपक्षाच्या तीन संरक्षक एका वेळी मैदानात उतरतात. त्या बाद झाल्या की पुढची तिघींची तुकडी येते.

पाठलाग करणारीला दोन खांबांच्या दरम्यान मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलट फिरताही येत नाही. संरक्षकांना मात्र दोन्ही बाजूंना मुक्त संचार असतो. म्हणून आक्रमण करणारीपुढे एकच उपाय उरतो: योग्य क्षणी बसलेल्या सोबतिणीला मागून स्पर्श करून ‘खो’ देणे आणि तिची जागा घेणे. एकटी खेळाडू कितीही वेगवान असली तरी सोबतिणीवर विश्वास ठेवल्यावाचून तिला गडी बाद करता येत नाही. शिक्षणाच्या दृष्टीने या खेळाचे खरे मूल्य येथे आहे. वेग, लवचीकता आणि दम यांबरोबर क्षणात निर्णय घेण्याची व आपली संधी दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची सवय तो लावतो.

साहित्याचा खर्च म्हणाल तर दोन खांब आणि आखणीची फक्की. ज्या शाळेला चेंडू, जाळी वा काठ्या विकत घेणे परवडत नाही, त्या शाळेलाही खो-खोचा संघ उभा करता येतो.

शाळेच्या अंगणापासून विश्वचषकापर्यंत

कोल्हापूरच्या त्या स्पर्धेनंतर महिलांच्या खो-खोने केलेली वाटचाल लक्षणीय आहे. १९७१ च्या अर्जुन पुरस्कारासाठी अचला देवरे यांची निवड झाली. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे नेतृत्व सारिका काळे या धाराशिव जिल्ह्यातील खेळाडूकडे होते. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्काराने गौरविण्यात आले. घरच्या गरिबीमुळे जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्यांनी शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणूनही काम केले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला.

हे यश उज्ज्वल आहेच. परंतु शिखरावरील यशाने पायथ्याचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. चौथी-पाचवीत हिरिरीने खेळणाऱ्या मुली आठवी-नववीच्या सुमारास मैदानावरून दिसेनाशा होतात, हा ग्रामीण भागातील शिक्षकांचा परिचित अनुभव आहे. त्याची कारणे मुलींच्या क्षमतेत शोधणे व्यर्थ होय. परगावी मुक्कामाची सोय कशी असेल, सोबत शिक्षिका असेल काय, स्वच्छतागृह असेल काय, परतायला अंधार होईल काय, हे पालकांचे प्रश्न असतात. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत की मुलगी संघातून गळते. म्हणजे तिचा खेळ चालू राहतो की थांबतो, हे पुष्कळदा मैदानाबाहेरच्या व्यवस्थेवर ठरते.

अन्य देशांतील एक उदाहरण

या संदर्भात लॅक्रॉस या खेळाचा इतिहास बोधप्रद आहे. टोकाला जाळी बसविलेल्या काठीने चेंडू झेलावयाचा, फेकावयाचा आणि गोलात धाडावयाचा असा हा खेळ उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेने तो स्वीकारला आणि १८९० मध्ये तेथे मुलींचा सामना झाला. १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रोझाबेल सिंक्लेअर या शिक्षिकेने मुलींचा संघ उभा केला आणि अमेरिकेतील महिलांच्या लॅक्रॉसचा पाया घातला. आज अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवरील व्हेल या डोंगरी गावी दर उन्हाळ्यात लॅक्रॉसची मोठी स्पर्धा भरते व तीत महिलांचे संघही उतरतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहा-सहा खेळाडूंच्या स्वरूपात या खेळाचा समावेश करण्यात आला आहे.

दोन्ही खेळांचे स्वरूप भिन्न असले तरी त्यांच्या वाटचालीत साम्य आहे. दोन्ही खेळ एका प्रदेशाच्या मातीतले. दोन्ही मुलींपर्यंत प्रामुख्याने शाळांनी पोहोचविले. डोंगरी गावातील उन्हाळी मेळाव्यापासून घेण्याजोगा धडा असा की, स्पर्धेचा काळ दरवर्षी ठरलेला असला म्हणजे संघ वर्षभर तयारी करतात, कुटुंबे आधीपासून नियोजन करतात आणि यजमान गावालाही व्यवस्थेची सवय जडते.

डोंगरी तालुक्यांतील उन्हाळी मेळावा

कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. गगनबावड्यासारख्या भागात पावसाळ्यात मैदानी खेळ जवळजवळ बंद असतात. मुलींच्या आंतरशालेय मेळाव्यासाठी वार्षिक परीक्षेनंतरचा उन्हाळा हा येथील सोयीचा काळ होय. शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात, शिक्षकांना सवड असते आणि डोंगरमाथ्यावरील सकाळ-संध्याकाळची हवा सुसह्य असते.

अशा मेळाव्याचा आवाका ग्रामपंचायतीच्या शक्तीबाहेरचा नाही. उदाहरणादाखल आठ संघांची स्पर्धा घेऊ. प्रत्येक संघात १५ खेळाडू धरल्यास १२० मुली होतात. प्रत्येक संघाबरोबर एक मार्गदर्शक व एक महिला व्यवस्थापक धरल्यास एकूण संख्या १३६ होते. चार-चार संघांचे दोन गट केल्यास प्रत्येक गटात ६, म्हणजे एकूण १२ साखळी सामने होतात. दोन उपांत्य व एक अंतिम मिळून सामन्यांची संख्या १५ होते. सामन्यात प्रत्येकी ९ मिनिटांच्या चार पाळ्या असतात. लहान गटासाठी पाळी ७ मिनिटांची असते. विश्रांतीसह एका सामन्याला सुमारे एक तास लागतो. दिवसाला पाच सामने, तीन सकाळी व दोन सायंकाळी, घेतल्यास एकाच मैदानावर तीन दिवसांत स्पर्धा पूर्ण होते. दुपारच्या उन्हात एकही सामना घ्यावा लागत नाही.

मैदानाची निगा हा दुसरा मुद्दा. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची जमीन पुष्कळ ठिकाणी आढळते. संरक्षकाला बाद करण्यासाठी सूर मारणे हे खो-खोतील प्रमुख कौशल्य असल्याने अशा कठीण जमिनीवर गुडघे व कोपरे सोलवटतात. मैदानातील खडे वेचून त्यावर चाळलेली माती पसरावी, पाणी मारून रोलर फिरवावा आणि खेळापूर्वी हलका शिडकावा करावा. खांब गुळगुळीत व पक्के रोवलेले असावेत. प्रथमोपचाराची पेटी आणि नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी पूर्वसंपर्क या गोष्टी अनिवार्य समजाव्यात.

मुक्काम, पाणी आणि आरोग्य

१३६ जणींच्या मुक्कामासाठी पिणे, आंघोळ व स्वच्छता मिळून माणशी ५० लिटर पाणी धरल्यास रोज सुमारे ६,८०० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात डोंगरी गावांत पाण्याची टंचाई असू शकते. म्हणून यजमान गावाची निवड करताना हा हिशेब प्रथम मांडावा. १५ जणींमागे एक स्वच्छतागृह धरल्यास किमान दहा लागतील. त्यांना आतून कडी, पुरेसा उजेड आणि सॅनिटरी पॅडच्या विल्हेवाटीची सोय हवी. मासिक पाळीच्या दिवसांत खेळावे की विश्रांती घ्यावी, हे मुलीने आपल्या प्रकृतीनुसार ठरवावे. त्याविषयी तिला संकोच वाटू नये, ही जबाबदारी सोबतच्या शिक्षिकेची.

किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे. त्याचा परिणाम दमसासावर तत्काळ दिसतो. शाळांतून दर आठवड्याला देण्यात येणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी मुली नियमित घेतात की नाही, याकडे क्रीडाशिक्षकाने लक्ष पुरवावे. मेळाव्यातील भोजनात भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, दूध यांसारखे स्थानिक पदार्थ पुरेसे असतात. मुलगी पोटभर जेवूनच मैदानात उतरते, ही खात्री करून घेणे हे प्रशिक्षणाचेच अंग मानले पाहिजे.

ग्रामपंचायत व शाळा यांचे उत्तरदायित्व

खेळाची व करमणुकीची ठिकाणे उभारणे हा ग्रामपंचायतींच्या कार्यकक्षेतील विषय आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करण्याची तरतूदही आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळाल्यापासून या निर्णयांत महिला सदस्यांचा आवाज वाढला आहे. गावच्या मुलींसाठी २७ बाय १६ मीटरचे एक मैदान राखून ठेवावे, त्यावर वाहने उभी राहू नयेत आणि बांधकामाचे साहित्य पडू नये, एवढा ठरावही पुष्कळ काम करून जाईल. मार्च २०२३ पासून एस.टी. प्रवासात महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागल्याने संघांच्या प्रवासखर्चाचा भारही हलका झाला आहे.

शिक्षकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे आणि राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु या सवलतींचा लाभ विहित स्तरावरील अधिकृत स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असतो. गावपातळीवरील मेळावा हा तयारीसाठी असतो. तेथून निवडलेल्या मुलींना शालेय व संघटनेच्या अधिकृत स्पर्धांत उतरविले तरच त्यांच्या कष्टांची नोंद होते. जन्मतारखेचा दाखला, प्रवेशिका आणि खेळाडूंची नोंदवही बिनचूक ठेवणे हे काम दिसायला कारकुनी असले, तरी एखाद्या मुलीची पुढील वाट त्यावर ठरू शकते.

पंचांच्या बाबतीतही दृष्टी व्यापक हवी. खेळ सोडलेल्या माजी महिला खेळाडू गावोगावी आहेत. त्यांना नियमांचे प्रशिक्षण देऊन पंच, गुणलेखक व व्यवस्थापक म्हणून पुन्हा मैदानावर आणल्यास मुलींना आपल्या परिसरातील आदर्श डोळ्यांसमोर दिसेल आणि पालकांचा विश्वासही वाढेल.

कोल्हापूरने १९६०-६१ मध्ये महिलांच्या खो-खोसाठी आपले मैदान खुले केले, तेव्हा या खेळाचा विश्वचषक होईल अशी कल्पनाही कोणी केली नसेल. मैदान मिळाले, संघ आले आणि पुढील पिढ्यांनी तो वारसा चालविला. खो-खोत बसलेल्या खेळाडूने कितीही तयारी ठेवली तरी ‘खो’ मिळाल्यावाचून तिला उठता येत नाही. डोंगरकपारीतील शाळांत आज अशा अनेक मुली सज्ज आहेत. त्यांना उठण्याची संधी देणे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. येत्या उन्हाळ्यात एका तालुक्याने जरी असा मेळावा भरविला आणि पुढील वर्षीची तारीख त्याच वेळी जाहीर केली, तरी कोल्हापूरची परंपरा पुढे गेली असे म्हणता येईल.