बोललेली अट आणि न बोललेली अट

आपण गिरणीवर ज्वारीचे दळण ठेवतो. "संध्याकाळी येतो," एवढेच सांगतो. पैशाचा शब्दही निघत नाही. तरी दळणाचे पैसे द्यावे लागतात आणि पीठ ज्वारीचेच मिळावे लागते.

जी अट तोंडाने बोलतात किंवा कागदावर लिहितात, ती व्यक्त अट. जी न बोलता व्यवहारावरून समजायची, ती गर्भित अट. गर्भित म्हणजे पोटात असलेली. १८७२ च्या करार कायद्याने दोन्ही प्रकारची वचने मानली आहेत. कायदा जुना खरा, पण आजही चालू आहे.

आता समजा, तुम्ही बाजारात बैल घेतला. किंमत ठरली, रोख पैसे मोजले. पंधरा दिवसांनी पोलीस दारात आले. बैल चोरीचा निघाला! मूळ मालक बैल घेऊन गेला. तुम्ही विकणाऱ्याला गाठले. तो म्हणतो, "बैल माझ्या मालकीचा आहे, असं मी कधी म्हणालो?"

नसेल म्हणाला. पण विकणाऱ्याला माल विकण्याचा हक्क आहे, ही अट विक्रीच्या पोटातच असते. १९३० च्या माल विक्री कायद्यात तसे सांगितले आहे. म्हणून तुम्हाला पैसे परत मागता येतात. "मलाही ठाऊक नव्हते," ही त्याची सबब चालत नाही.

पण बैल चोरीचा नसून औताला न चालणारा निघाला तर? इथे आम्ही शिकलेली माणसेही चुकताना पाहिली आहेत. विकणारा तुमच्यासारखाच शेतकरी असेल, तर बैल चांगला निघेल ही अट कायदा सहसा आपणहून घालत नाही. दुकानदाराची गोष्ट वेगळी. "आमच्या खारवट जमिनीला चालेल असे बियाणे द्या," असे सांगून तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवलात, तर ते तसे असलेच पाहिजे. मात्र "अमक्या कंपनीचीच पिशवी द्या," असे म्हणालात, तर ही अट त्याच्यावर राहत नाही.

म्हणून बैल घेताना चार माणसांदेखत विचारावे, "पाहुणे, औताला चालतो ना? नाही चालला तर आठ दिवसांत परत घ्याल ना?" तो "हो" म्हणाला, की ती व्यक्त अट झाली. तीच पावतीच्या मागे लिहून त्याची सही घ्यावी.

कागदाचे उलटेही होते बरे का! गर्भित अट दोघांच्या कबुलीने काढूनही टाकता येते. "मालाची कसलीही हमी नाही," अशी ओळ चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात असते. सही करण्याआधी ती ओळ शोधावी.