काटा बदलण्याआधी अर्थिंग बघ

पोरा, जुनी स्पोर्ट्स कार घेतलीस, चांगलं केलंस. पण टाकी भरलेली असताना पेट्रोलचा काटा तळाला चिकटून बसतो, म्हणून लगेच नवं मीटर शोधायला निघू नकोस. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मचंच उदाहरण घे. १९९८ च्या सुमारास आलेली दोन सीटांची, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची गाडी. असल्या गाड्यांचे सुटे भाग आता सहज हाती लागत नाहीत. अंदाजाने एकेक भाग बदलत बसलास तर खिसा रिकामा होईल आणि दोष तिथेच राहील. आधी तपास, मग खर्च.

करंटचा रस्ता डोक्यात पक्का बसव. इग्निशन चालू केलं की करंट फ्यूजमधून मीटरला येतो, मीटरमधून एक वायर मागे टाकीवरच्या सेंडरला जाते आणि सेंडरमधून अर्थला. पेट्रोलबरोबर फ्लोट वर-खाली होतो, तसा सेंडरचा रेझिस्टन्स बदलतो आणि काटा हलतो. या रस्त्यावर कुठेही खंड पडला तरी दिसतं एकच, काटा चुकतो. म्हणून नुसत्या काट्याकडे बघून निदान करू नये.

पहिली नजर शेजारच्या मीटरवर टाक. टेंपरेचरचा काटाही बिघडलाय का? दोन्ही मेलेले असतील तर फ्यूज बघ. साठच्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत दोन्ही मीटरना मिळून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो बॅटरीचा करंट तोडून-जोडून सरासरी दहा व्होल्ट देतो. दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले तर संशय त्याच्यावर घे, आणि त्याचं स्वतःचं अर्थिंगही तपास. अशा मीटरला थेट बारा व्होल्ट लावून बघायचं नाही, आतली कॉइल जळते.

दुसरं, अर्थिंग. आपल्या सुरतेत हे सगळ्यात आधी बघावं. डुमस-हजिराकडची खारी हवा, वर पावसाळा, आणि ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात तर शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून कितीही चकाचक केली, तरी वायरच्या लगखाली हिरवा गंज धरलेला सापडू शकतो. स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरमधून करंट जात नाही, म्हणून सेंडरची अर्थ वायर चासीपर्यंत धड पोचलीच पाहिजे. इग्निशन चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक सेंडरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. व्होल्टेज जवळपास शून्य यायला हवं. ठळक व्होल्टेज दिसलं तर चोर सापडला. लग सोड, पॉलिश पेपरने चकचकीत घास, आवळ, वरून थोडं ग्रीस लाव. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

तिसरं, मीटर आणि वायर. सेंडरवरची वायर काढ आणि काटा बघ. मग ती वायर चासीच्या स्वच्छ जागी काही सेकंदच टेकव. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे. कोणत्या गाडीत काटा फुलकडे जातो, कोणत्या गाडीत एम्प्टीकडे, त्यावर वाद घालू नको, हलला हे महत्त्वाचं. जुनं बायमेटलचं मीटर सावकाश चढतं, त्याला काही सेकंद दे. अजिबात हलला नाही तर मीटरच्या पाठीमागे हीच परीक्षा कर. तिथे हलला म्हणजे मधली वायर तुटलेली.

ठिणगीचं भान ठेव. ही परीक्षा टाकी बंद असताना, मोकळ्या हवेत, आणि टेकवायचं टोक टाकीपासून लांब. सेंडर बाहेर काढायचा असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा, बिडी-काडी आसपास नको. पेट्रोलची वाफ टाकी रिकामी झाल्यावरही आत असते.

आता सेंडर हातात आला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी अगदी हळू वर-खाली कर. आकडा सरळ चढत-उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर आतली पट्टी तिथे झिजली आहे. म्हणूनच अर्ध्या टाकीवर काटा बरोबर आणि पाव टाकीला वेडावाकडा, अशी तक्रार येते. मग फ्लोट कानाजवळ हलव. आत खळखळ ऐकू आली तर पेट्रोल शिरलंय, तो तरंगतच नाही. पितळी फ्लोट पुसून, आच नसलेल्या जागी गरम पाण्यात बुडव, बुडबुडे येतील तिथे भोक. पण पेट्रोल शिरलेल्या फ्लोटवर सोल्डरिंगची आच कधीही धरू नको, नवाच बसव. जुना बुचाचा फ्लोट असेल तर तो बदलच. त्यावर लाखेचा लेप असतो, आणि आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये लाख विरघळते.

वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा झुलला आणि सपाट रस्त्यावर स्थिर राहिला, तर तो दोष नाही. टाकी चपटी असली की पेट्रोल हिंदकळतं.

दुरुस्ती झाली की थांबू नको. टाकी रिकामी असताना पाच-पाच लिटर मोजून टाक, दर वेळी काटा कुठे आला ते लिहून काढ आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेव. जुन्या मीटरचं चौथाई म्हणजे खरे किती लिटर, हे तुला मग कळेल. आणि काटा दुरुस्त होईपर्यंत मुंबईला जायचं असेल तर सुरतेतच टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्यावर आण आणि किलोमीटरवर भरवसा ठेव. गाडीचं मायलेज माहीत असलेला माणूस हायवेवर अडकत नाही.