अडखळणारी तबकडी

जे यंत्र पूर्णपणे बंद पडले, त्याचा दोष शोधणे फारसे अवघड नसते. परंतु जे यंत्र घटकेत उत्तम चालते आणि घटकेत अडखळते, ते माणसाच्या धीराची परीक्षा पाहते. अशा यंत्रापुढे बसलेला मनुष्य प्रथम यंत्राला दोष देतो, मग ते विकणाऱ्याला आणि शेवटी आपल्या नशिबाला. माझेही एकदा असेच झाले होते. त्या वेळी मी सातवीत शिकत होतो.

आमचे घर गडहिंग्लजचे. हिरण्यकेशी नदीच्या काठचे हे गाव गुळाच्या आणि लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत असत. पिठाची गिरणी आल्यावर घरातले जाते कोपऱ्यात गेले. पण ओव्या तिच्या कंठात राहिल्या. सन २००६ मध्ये माझ्या चुलत्यांनी तिला समोर बसवून त्या ध्वनिमुद्रित केल्या व संगणकावरून एका तबकडीवर, म्हणजे सीडीवर, उतरवून घेतल्या. पुढे तो संगणक निकामी झाला आणि २०११ मध्ये आजी वारली. तिचा आवाज आता त्या एकाच तबकडीत उरला होता.

अशा ओव्यांचे मोल केवळ एका घरापुरते नसते. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या स्त्रियांना लिहिता येत नव्हते, त्यांनी आपले सुखदुःख या ओव्यांत साठवून ठेवले होते.

सन २०१३ च्या डिसेंबरात मी शिष्यवृत्तीच्या साठवलेल्या पैशांतून एक जुना सीडी प्लेअर सातशे रुपयांना विकत घेतला. दुकानदाराने भर दुपारी त्यावर दोन-तीन गाणी लावून दाखवली. आवाज अगदी स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे आबांच्या भोवती बसलो आणि मी आजीची तबकडी लावली. आबा डोळे मिटून ऐकत होते. सुमारे चाळीस मिनिटे झाली असतील, तोच आवाज तुटला. एकच अक्षर चार-पाच वेळा उमटले, मग ओवी मधूनच पुढे सरकली. आबांनी डोळे उघडले. पण ते काही बोलले नाहीत.

मी घाईघाईने तबकडी बाहेर काढली आणि सदऱ्याच्या टोकाने गोल गोल घासून पुसली. पुन्हा लावली, तर चाळीसाव्या मिनिटाचा दोष कायमच राहिला आणि बाराव्या मिनिटाला एक नवा दोष उपजला! मी संतापून म्हणालो, "आबा, त्या दुकानदाराने मला फसवले. आत्ताच जाऊन त्याला जाब विचारतो."

आबा शांतपणे म्हणाले, "बाळ, आधी दोष कुठे आहे ते कळू दे, मग दोषी कोण ते ठरव. उगाच कुणाला चोर म्हणू नये."

त्यांनी मला आमच्या आळीतील एका वृद्ध कारागिराकडे पाठवले. साऱ्या आयुष्यात त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. त्यांनी विचारले, "यंत्र केव्हा अडखळते?"

"कधीही अडखळते, काका," मी म्हणालो.

ते हसले. "यंत्र 'कधीही' अडखळत नसते. त्याला कारण असते. ते आपल्याला दिसलेले नसते, एवढेच. आठ दिवस एक वही ठेव. कोणती तबकडी लावली, किती वाजता लावली, यंत्र कोठे ठेवले होते आणि कितव्या मिनिटाला अडखळले, हे सारे लिही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्यास, गुण कशाने आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि आजीची तबकडी आता उगाच पुसू नकोस."

मग त्यांनी मला तबकडीची रचना समजावून दिली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ही पद्धती तयार केली आणि तिचे पहिले यंत्र १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये विक्रीस आले. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी अवघी १.२ मिलिमीटर. तिच्यावर सूक्ष्म खुणांची एक सर्पिल रेषा असते. जुन्या ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येत असे. ही रेषा मात्र आतून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. तिचे फेरे इतके दाट असतात की, एका मिलिमीटरच्या रुंदीत सुमारे ६२५ फेरे मावतात. ७४ मिनिटांच्या तबकडीवरील रेषा सरळ केली, तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल.

या रेषेला सुई स्पर्श करत नाही. लेसरचा एक अदृश्य किरण खालून तबकडीवर पडतो, परावर्तित होतो आणि त्याच्या कमीअधिक तेजावरून यंत्र खुणा वाचते. किरण नेमका रेषेवर ठेवण्याचे काम एक चिमुकले भिंग करते. हे भिंग एका लहान गाड्यावर बसवलेले असते आणि तो गाडा दातेरी चाकांच्या साहाय्याने एका दांडीवरून आतून बाहेर हळूहळू सरकतो. म्हणून कितवे मिनिट चालू आहे, हे कळले की गाडा कोठे आहे, हेही कळते.

त्या दिवसापासून मी नोंदी ठेवू लागलो. पहिल्या दिवशी यंत्र डुगडुगत्या मेजावरून उचलून भक्कम ओट्यावर ठेवले. फरक पडला नाही. म्हणजे धक्क्याने ते अडखळत नव्हते. दुसऱ्या दिवशी काकांनी आपल्या देखरेखीखाली, यंत्राची वीज तोडून, स्पिरिटात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने भिंग अलगद पुसून दिले. तरीही फरक पडला नाही. मी निराश झालो, पण काका म्हणाले, "निराश का होतोस? दोन कारणे वगळली गेली, ही काही थोडी कमाई नव्हे."

आठव्या दिवशी वही उघडली, तेव्हा जे कानांना कळले नव्हते ते डोळ्यांना दिसले. बाराव्या मिनिटाचा दोष केवळ आजीच्या तबकडीत होता आणि तो सकाळ-संध्याकाळ न चुकता येत होता. याउलट, चाळीसाव्या मिनिटाच्या आसपासचा दोष साऱ्याच लांब तबकड्यांत होता. पण तो केवळ सकाळी येत होता. दुपारी त्याच तबकड्या निर्वेधपणे वाजत होत्या. अर्ध्या तासाच्या लहान तबकड्या तर एकदाही अडखळल्या नव्हत्या.

मी म्हणालो, "काका, चाळीस मिनिटांत यंत्र तापत असेल आणि म्हणून अडखळत असेल."

"शंका रास्त आहे," ते म्हणाले. "मग ती पारखून पाहा. उद्या सकाळी यंत्र थंड असताना आरंभापासून न लावता एकदम पस्तिसाव्या मिनिटापासून लाव. तापल्यामुळे अडखळत असेल, तर ते आणखी चाळीस मिनिटांनी अडखळेल. जागेमुळे अडखळत असेल, तर पाच मिनिटांतच कळेल."

दुसऱ्या दिवशी मी तसे केले. पाचव्या मिनिटाला यंत्र अडखळले! दोष वेळेचा नव्हता, जागेचा होता. तबकडीच्या केंद्रापासून सुमारे साडेचार सेंटिमीटर अंतरावर गाडा येई आणि तेथे काहीतरी त्याला अडवत असे. पण मग तेच काहीतरी दुपारी त्याला का सोडून देई? हे कोडे मात्र सुटेना.

ते सोडवले आमच्या आईने, आणि तेही नकळत. गुऱ्हाळाच्या दिवसांतली ती कडाक्याची थंडी होती. आईने खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवली. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, थंडीने तेल थिजले आहे. ऊन लागले की पातळ होईल." ते शब्द ऐकताच मी वही घेऊन काकांकडे धावलो. गाड्याच्या दांडीला लावलेले वंगण तर थंडीत असेच घट्ट होत नसेल?

काकांनी माझी पाठ थोपटली. वीज तोडून त्यांनी यंत्राचे झाकण उघडले. चालू यंत्राच्या भिंगात कधीही डोकावू नये, कारण तो किरण दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करू शकतो, हेही त्यांनी बजावले. मग दातेरी चाक बोटाने हळूहळू फिरवून त्यांनी गाडा सरकवला. अर्धी अधिक वाट ओलांडल्यावर चाक बोटाला जड लागले. तेथे दांडीवरील जुने वंगण वाळून मेणासारखे झाले होते आणि त्यात कापडाचे बारीक तंतू रुतून बसले होते. पूर्वीच्या मालकाने बहुधा लहान तबकड्याच वाजवल्या असाव्यात; गाडा क्वचितच तेथवर गेल्यामुळे ते कीट तसेच साचून राहिले असावे. काकांनी ते स्पिरिटाच्या कापडाने पुसून काढले व नवे वंगण अगदी थोडे लावले. "खोबरेल तेल लावले तर?" असे मी विचारताच ते हसून म्हणाले, "ज्याच्यामुळे रोग कळला, तेच औषध समजू नकोस. ते पुन्हा थिजेल."

पुढच्या तीन सकाळी चाळीसावे मिनिट बिनबोभाट पार पडले. बारावे मिनिट मात्र तसेच राहिले. तो दोष यंत्राचा नव्हताच. तो माझ्या हाताचा होता.

तबकडीवर थोडासा ओरखडा उठला, तरी बहुधा काही बिघडत नाही. इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणारी एक संकेतपद्धती मांडली. तबकडीवरील माहिती त्या पद्धतीने विखरून लिहिलेली असते. त्यामुळे रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही, तरी यंत्र शेजारच्या खुणांवरून तो जसाच्या तसा उभा करते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात रेषेला एकदाच छेदून जातो आणि यंत्र तेवढे नुकसान भरून काढते. पण गोल गोल पुसल्याने उठलेला ओरखडा रेषेच्या बरोबरीने धावतो आणि तिचा सलग मोठा भाग अंध करून टाकतो. म्हणूनच तबकडी मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, असा नियम आहे. माझ्या सदऱ्यावरील धुळीने तो नियम मोडला होता.

काकांनी ओरखडा घासून पाहण्यास नकार दिला. "एकुलत्या एक प्रतीवर प्रयोग करू नये. आधी नक्कल, मग इलाज," असे ते म्हणाले. चुलत्यांनी संगणकावर नक्कल करून तिच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या. पण बाराव्या मिनिटाची एक ओवी त्या तिन्हींत अर्धवटच राहिली.

संक्रांतीला आत्या आली. तिला ती तबकडी ऐकवली. तुटलेल्या जागी आवाज थांबला, तोच आत्याने ती ओवी आजीच्याच चालीवर पुरी केली. आबांनी पुन्हा डोळे मिटले. आम्ही आत्याची ती ओवी लगेच ध्वनिमुद्रित केली आणि आजीच्या तबकडीच्या नकलेशेजारी जतन करून ठेवली.

त्यानंतर मी दुकानदाराकडे गेलो. जाब विचारण्यासाठी नव्हे, तर घडलेली हकिकत सांगण्यासाठी. त्यांनी ते यंत्र नेहमी दुपारीच आणि थोडा वेळच लावून पाहिले होते; त्यांना तो दोष ठाऊकच नव्हता. मी त्या दिवशी रागाच्या भरात गेलो असतो, तर एका निरपराध माणसाला गावात लबाड ठरवून आलो असतो. "यापुढे लांब तबकडी शेवटपर्यंत लावून पाहीन," असे म्हणून त्यांनी माझ्या वहीतली नोंद कुतूहलाने वाचली.

मुलांनो, ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी रागाने लिहिले होते, 'यंत्र वाईट आहे.' शेवटच्या पानावर दोन ओळी आहेत: 'एक दोष वंगणाचा, एक दोष माझा.' त्या दोन पानांच्या मधल्या आठ दिवसांत मी जे शिकलो, ते मला पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडले.

अभ्यास

१. यंत्र धक्क्यामुळे अडखळत नाही, हे लेखकाला कसे कळले?
२. पस्तिसाव्या मिनिटापासून तबकडी लावण्याचा हेतू काय होता? त्यावरून काय सिद्ध झाले?
३. खोबरेल तेलाच्या बाटलीमुळे कोणते कोडे सुटले?
४. तबकडी गोल गोल पुसू नये, याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
५. 'एक दोष वंगणाचा, एक दोष माझा', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा: निर्वेध, जाब विचारणे, नकळत, पाठ थोपटणे.
७. आपल्या घरातील वृद्ध माणसांना येणारी एखादी ओवी किंवा गोष्ट त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा.